निवृत्तांचे गाव : सन सिटीपासून पुण्यापर्यंत

दिनांक १ जानेवारी १९६०. अमेरिकेतील अ‍ॅरिझोना राज्यात, फिनिक्स शहराच्या वायव्येला, जेथे कालपरवापर्यंत कापसाची शेते होती, तेथे मोटारींची लांबच लांब रांग लागली होती. मोटारींतून उतरणारी माणसे बहुतेक साठीच्या आसपासची होती. कोणी नोकरीतून नुकतेच मोकळे झालेले, तर कोणी होण्याच्या बेतात असलेले. पाहण्यासारखे तेथे फार काही नव्हते. पाच नमुना घरे, एक छोटी बाजारपेठ, एक मनोरंजन केंद्र आणि गोल्फचे मैदान, एवढेच. बांधणाऱ्यांना दहा हजार लोक येतील असे वाटले होते. प्रत्यक्षात तीन दिवसांत सुमारे एक लाख लोक येऊन गेले आणि दोनशेहून अधिक घरे विकली गेली. या गावाचे नाव होते सन सिटी, म्हणजे सूर्यनगर. ज्या वयाला आपण मावळतीचे वय म्हणतो, त्या वयाच्या माणसांसाठीच हे गाव वसवले जात होते.

या घटनेला आता सहा दशके उलटून गेली. दरम्यान ही कल्पना आपल्या दाराशी येऊन ठेपली आहे. पुणे, कोईमतूर, डेहराडून अशा शहरांभोवती ज्येष्ठांसाठी स्वतंत्र वसाहती उभ्या राहिल्या आहेत आणि त्यांच्या रंगीत जाहिराती आपल्या घरी येणाऱ्या वर्तमानपत्रांतून डोकावतात. आपल्यापैकी अनेकांच्या घरी हा विषय निघतोही. मात्र हळू आवाजात. मुले बंगळुरात, पुण्यात किंवा सातासमुद्रापार. गावातल्या मोठ्या वाड्यात किंवा चार खोल्यांच्या सदनिकेत उरलेली दोघेच. रविवारी फोनवर मुलगा म्हणतो, ‘आई, तुम्ही दोघे असे एकटे किती दिवस राहणार?’ आणि आई म्हणते, ‘आम्हाला काय धाड भरली आहे!’ फोन ठेवल्यावर मात्र दोघांनाही बराच वेळ काही सुचत नाही. मुलाच्या मनात भीती असते, की लोक म्हणतील आईवडिलांना बाहेर ठेवले. आईवडिलांच्या मनात भीती असते, की आपण स्वतःहून तसे म्हटले तर मुलाला वाईट वाटेल. अशा रीतीने परस्परांच्या प्रेमापोटीच एक महत्त्वाचा निर्णय वर्षानुवर्षे पुढे ढकलला जातो, आणि अखेर एखाद्या आजारपणात, घाईघाईने, कोणाच्याच मनासारखा होत नाही असा घेतला जातो.

म्हणून वाचकहो, ज्या गावाने या जीवनपद्धतीचा जगाला परिचय करून दिला, त्या गावाचीच कथा आज जरा जवळून पाहू. त्या गावाला काय साधले, काय साधले नाही, आणि त्यातून आपण काय घ्यावे, हा या लेखाचा हेतू आहे.

आधी सोयी, मग घरे

सन सिटी वसवणारे डेल वेब हे मूळचे सुतारकाम करणारे आणि पुढे मोठे बांधकाम कंत्राटदार झालेले गृहस्थ. त्यांचा जन्म १८९९ चा. म्हणजे सन सिटीचे दरवाजे उघडले तेव्हा त्यांनी स्वतःच साठी गाठली होती. निवृत्तांसाठी वेगळे गाव ही कल्पना मात्र त्यांच्याही आधीची. शेजारीच १९५४ मध्ये यंगटाउन नावाची छोटी वसाहत केवळ वयस्करांसाठी स्थापन झाली होती. साधी, परवडणारी घरे आणि समवयस्कांचा शेजार एवढेच तिचे भांडवल होते.

या कल्पनेमागे काळाचा रेटा होता. अमेरिकेत १९३५ मध्ये सामाजिक सुरक्षेचा कायदा झाला आणि निवृत्तिवेतन ही सर्वसामान्य कामगाराच्याही आवाक्यातली गोष्ट झाली. १९६० च्या सुमारास तेथील सरासरी आयुर्मान सत्तरीला टेकले होते. हाती थोडा पैसा, बऱ्यापैकी प्रकृती आणि पुढे दहा-पंधरा वर्षांचा मोकळा काळ, अशी स्थिती असलेला एक मोठा वर्ग इतिहासात प्रथमच तयार झाला. या काळाचे करायचे काय, हे मात्र कोणी ठरवलेले नव्हते. ज्याची ओळखच कामावरून होत असे, तो माणूस काम सुटल्यावर घराच्या ओसरीवर बसून रस्ता न्याहाळत राही.

वयस्करांना मुलानातवंडांपासून दूर नेऊन एकत्र ठेवले तर ती खचतील, असे त्या काळातील अनेक जाणकारांचे मत होते. वेब यांच्या कंपनीने तरीही हा धोका पत्करला. परंतु एक गोष्ट तिने विचारपूर्वक केली. घरे विकण्यापूर्वी सभागृह, तरणतलाव, कार्यशाळा आणि दुकाने बांधून दाखवली. आपल्याकडील घर घेणाऱ्यांना या गोष्टीचे मोल वेगळे सांगायला नको. सदनिकेचा ताबा मिळून पाच वर्षे झाली तरी माहितीपत्रकातली बाग माहितीपत्रकातच फुललेली, हा अनुभव पुष्कळांच्या पदरी आहे. सन सिटीत घराची किंमत साडेआठ हजार डॉलरांच्या आसपास सुरू होत होती. परंतु लोक खरेदी करीत होते ते घर नव्हे, तर उद्या सकाळी उठून कोठे जायचे या प्रश्नाचे उत्तर.

सन सिटीतील एक दिवस

अ‍ॅरिझोना हा वाळवंटी प्रदेश. उन्हाळ्यात दुपारचे तापमान चाळीस अंशांच्या वर सहज जाते. त्यामुळे गावाची हालचाल उजाडतानाच सुरू होते. फिरायला जाणारे, पोहायला जाणारे आणि गोल्फ खेळायला निघालेले लोक पहाटेच रस्त्यावर दिसू लागतात. अनेक जण मोटारीऐवजी गोल्फकार्ट नावाच्या छोट्या उघड्या गाडीने वाणसामान आणायलाही जातात. रस्ते वर्तुळाकार, घरे बहुतांशी एकमजली, पायऱ्या जवळजवळ नाहीतच. आज या गावाची वस्ती सुमारे चाळीस हजार आहे. त्यांच्यासाठी सात मनोरंजन केंद्रे आहेत आणि शंभराहून अधिक मंडळे.

या मंडळांचे कामकाज कसे चालते, हे समजून घेण्यासारखे आहे. लाकूडकाम, कुंभारकाम, विणकाम, रत्नांना पैलू पाडणे, चित्रकला, नृत्य, पत्ते, संगणक, अशा प्रत्येक विषयाचे एकेक मंडळ. ते चालवतात सभासदच. कार्यशाळेतील करवतीची देखभाल करणारा एखादा जुना कारखान्यातला यंत्रज्ञ असतो; विणकाम शिकवणारी एखादी निवृत्त शिक्षिका असते. शिकवणारा पंचाहत्तरीचा आणि शिकणारा सत्तरीचा. पंचावन्नच्या पुढच्या महिलांचे ‘पोम्स’ नावाचे नृत्यपथक १९७९ पासून मिरवणुकांत आणि समारंभांत कार्यक्रम करीत आले आहे आणि त्यात ऐंशी ओलांडलेल्या स्त्रियाही सहभागी झाल्या आहेत. आपल्याकडे एखादी आजी नव्या पद्धतीची साडी नेसली तरी भुवया उंचावतात. तेथे कोणाच्या भुवया उंचावत नाहीत, कारण पाहणाऱ्यांचे वयही तेवढेच असते. समवयस्कांच्या सहवासाचा हा लाभ पहिल्यांदा लक्षात येत नाही. चारचौघांत ‘म्हातारा’ म्हणून वेगळे पडण्याचे दडपण तेथे उरत नाही. कोणाचा गुडघा दुखतो, कोणाला कमी ऐकू येते, कोणाला नाव आठवायला वेळ लागतो. ते सर्वांना परिचयाचे असल्यामुळे त्याबद्दल कोणी क्षमा मागत नाही.

दुसरा लाभ याहून मोठा. मंगळवारी दहा वाजता कुंभारकामाच्या चाकावर आपली पाळी आहे आणि आपण गेलो नाही तर कोणीतरी फोन करून विचारील, ही जाणीव. एकट्या राहणाऱ्या वृद्धाचे खरे दुःख केवळ एकटेपणाचे नसते. आपण आलो काय नि न आलो काय, कोणाचेच काही अडत नाही, हे ते दुःख असते. आपली कोणीतरी वाट पाहत आहे, हा अनुभव औषधाच्या गोळीत मिळत नाही.

करमणुकीच्या पलीकडे

तरीही केवळ खेळ आणि छंद यांच्यावर हे गाव टिकले असते का, याबद्दल शंका वाटते. दोन-चार वर्षे मनसोक्त खेळून झाल्यावर माणसाला पुन्हा तोच प्रश्न छळू लागतो : ‘माझा उपयोग काय?’ सन सिटीच्या रहिवाशांनी या प्रश्नाचे उत्तर हळूहळू, स्वतःच शोधले.

त्याला एक कारणही घडले. सन सिटीला नगरपालिका नाही. अनेक सार्वजनिक कामे लोकांनी उचलल्याखेरीज होत नाहीत. १९७० च्या दशकात स्वयंसेवकांचे गस्तपथक उभे राहिले. गणवेश घातलेले निवृत्त स्त्रीपुरुष गावात फेऱ्या मारतात, बाहेरगावी गेलेल्यांच्या घरांवर नजर ठेवतात. १९८० मध्ये ‘प्राइड्स’ या नावाची स्वयंसेवकांची संघटना स्थापन झाली. रस्त्याकडेची झाडे छाटणे, पाणी देणे, केरकचरा उचलणे ही कामे तिचे सभासद भल्या पहाटे करतात. आयुष्यभर बँकेत अधिकारपदावर बसलेला माणूस हातात खराटा घेऊन रस्ता झाडतो आहे, हे दृश्य त्या गावाला नवीन नाही. १९७० मध्ये गावात रुग्णालय सुरू झाले, तेव्हापासून त्याच्या कामातही स्वयंसेवक राबत आले.

सर्वांत विलक्षण गोष्ट मात्र १९८७ मध्ये सुरू झाली. सन सिटीतील वैद्यकीय संशोधन संस्थेने रहिवाशांना आवाहन केले, की मृत्यूनंतर आपला मेंदू संशोधनासाठी द्या. स्मृतिभ्रंश आणि कंपवात या विकारांचा अभ्यास करायचा तर मृत्यूनंतर थोड्याच तासांत मिळालेले मेंदू हवेत, आणि त्याबरोबरच त्या व्यक्तीची हयातीतली प्रकृतीची नोंदही हवी. जेथे हजारो वयस्कर एकाच ठिकाणी राहतात तेथेच हे शक्य होते. लोकांनी प्रतिसाद दिला. निरोगी असतानाच ते नाव नोंदवतात, ठरावीक काळाने तपासण्या करून घेतात आणि देह ठेवताना हे अखेरचे दान देऊन जातात. या मेंदूपेढीतून जगभरच्या संशोधकांना अभ्यासासाठी नमुने पुरवले गेले आहेत. ज्या गावाची जाहिरात ‘आता फक्त आनंद करा’ अशा सुराची होती, त्याच गावातले लोक स्वतःला ज्याचा लाभ होणार नाही अशा कामासाठी नाव नोंदवू लागले. मनोरंजनासाठी आलेली माणसे देण्याकडे वळली. आणि माझ्या मते सन सिटीची खरी कमाई हीच आहे.

कुंपणाची दुसरी बाजू

कथेची ही उजळ बाजू झाली. दुसरी बाजू सांगितल्याशिवाय ती पुरी होणार नाही.

सन सिटीत घरातील किमान एक व्यक्ती पंचावन्न वर्षांची असावी लागते. एकोणीस वर्षांखालील कोणालाही वर्षात नव्वद दिवसांपेक्षा अधिक तेथे राहता येत नाही. म्हणजे नातवंडांनी सुट्टीत यावे, परत जावे. पण आजीआजोबांकडे राहून शिकू नये. अमेरिकेत १९८८ मध्ये घर देताना मुलेबाळे असलेल्या कुटुंबांना डावलण्यास कायद्याने बंदी केली, तेव्हाही वयस्करांच्या वसाहतींना सवलत मिळाली. १९९५ च्या दुरुस्तीनुसार ऐंशी टक्के घरांत किमान एक रहिवासी पंचावन्न वर्षांचा असला, की अशी वसाहत लहानांना मज्जाव करू शकते.

या नियमाचे परिणाम दोन प्रसंगांतून दिसले. पहिला शाळांचा. तेथे शाळेच्या इमारतींसाठी कर्जरोखे काढायचे असतील तर मतदारांची संमती घ्यावी लागते आणि परतफेड घरपट्टीतून होते. सन सिटी ज्या शाळा-विभागात होती, तेथे आसपासच्या वस्तीत मुले वाढत होती, शाळा अपुऱ्या पडत होत्या. १९६० आणि ७० च्या दशकांत असे प्रस्ताव आले, की सन सिटीचे मतदार मोठ्या संख्येने विरोधात मत देत आणि प्रस्ताव पडत. ‘आमची मुले शिकून झाली, दुसऱ्यांच्या मुलांसाठी आम्ही कर का द्यावा?’ असा युक्तिवाद होता. मिळकत मर्यादित असलेल्या निवृत्तांना करवाढीची धास्ती वाटणे समजण्यासारखे आहे. तथापि त्यांच्या मुलांच्या शाळांसाठीही पूर्वी कोणीतरी परक्याने कर दिलाच होता. अखेर सन सिटीला त्या शाळा-विभागातून वेगळे काढण्यात आले. वाद मिटला, परंतु शेजारच्या पोरांशी असलेला शेवटचा धागाही तुटला.

दुसरा प्रसंग शेजारच्या यंगटाउनचा. १९९० च्या दशकात तेथील एका वृद्ध दांपत्याकडे त्यांचा किशोरवयीन नातू राहायला आला; त्याला आजीआजोबांच्या आधाराची गरज होती. गावाने नियमावर बोट ठेवले, सवलत नाकारली आणि दररोज दंडाची आकारणी सुरू केली. प्रकरण राज्याच्या महाधिवक्त्यापर्यंत गेले. गावाचा वयोमर्यादेचा नियम कायद्याच्या कसोटीला उतरत नाही असे निष्पन्न झाले आणि १९९८ मध्ये यंगटाउनला तो सोडावा लागला. वयस्करांचे पहिले गाव अशा प्रकारे एका नातवासाठी पुन्हा सर्वांचे गाव झाले. अनेक जुन्या रहिवाशांना ते रुचले नसेल. पण दाराशी आलेल्या नातवाला परत पाठवावे लागेल असा नियम ज्या घराला लागू आहे, त्या घराला घर म्हणावे का, हा प्रश्न या प्रसंगाने जगापुढे ठेवला.

आणखी एक अडचण काळाने उभी केली. साठीत आलेले सर्व जण एकाच वेळी ऐंशीत पोचले. गोल्फकार्ट चालवणारे हात थरथरू लागले. जोडप्यांपैकी एक जण मागे उरू लागला. ‘सक्रिय’ माणसांसाठी आखलेल्या गावाला शुश्रूषागृहे, घरी येऊन मदत करणारी माणसे, जेवणाचे डबे यांची व्यवस्था मागाहून जोडून घ्यावी लागली. आपल्याकडील जाहिरातींत पोहणारे, हसणारे, पांढऱ्याशुभ्र केसांचे जोडपे नेहमी दिसते. त्याच दोघांपैकी एक जण अंथरुणाला खिळल्यावर काय होईल, हे चित्र जाहिरातीत कधीच नसते.

आपल्या अंगणात

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात साठ व त्यापुढील वयाचे १० कोटी ३८ लाख लोक होते. आज ही संख्या त्याहून बरीच वाढलेली आहे. आपल्याकडे वयस्करांची निराळी वसाहत म्हटले, की मनात चित्र येते ते वृद्धाश्रमाचे : ज्यांना कोणी नाही, किंवा असूनही ज्यांना कोणी विचारत नाही, त्यांचा निवारा. नव्या वसाहती याहून वेगळ्या आहेत. येथे माणूस स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या इच्छेने, स्वतःच्या घरात राहतो. स्वयंपाक, साफसफाई, दुरुस्ती, तातडीची वैद्यकीय मदत यांची सोय सामाईक असते. गेल्या दोन-अडीच दशकांत पुण्यात ‘अथश्री’ या नावाने अशा वसाहती उभ्या राहिल्या. नाव मोठे अर्थपूर्ण आहे. आपल्याकडे ग्रंथ संपतो तो ‘इति’ने आणि सुरू होतो तो ‘अथ’ने. निवृत्ती हा शेवट नसून आरंभ आहे, हे या दोन अक्षरांत आले.

आपल्या मातीत या जीवनपद्धतीला एक आधार आधीपासून आहे. महाराष्ट्रात गावोगावी ज्येष्ठ नागरिक संघ आहेत. बागेतला कट्टा आहे, भजनी मंडळ आहे, वाचनालय आहे. सन सिटीला जे मोठा खर्च करून उभारावे लागले, त्याचा गाभा आपल्याकडे चावडीवर आणि देवळाच्या ओवरीत पूर्वापार होता. उणीव आहे ती सुरक्षित घराची, वेळेवर मिळणाऱ्या मदतीची आणि रात्री-अपरात्री हाकेला ओ देणाऱ्या माणसाची. नव्या वसाहतींचे खरे काम ही उणीव भरून काढण्याचे आहे.

आणि निवृत्तीचा विचार आपल्या परंपरेला परका तर नाहीच. श्रावकाच्या अकरा प्रतिमांमध्ये आठवी आरंभत्यागाची, नववी परिग्रहत्यागाची आणि दहावी अनुमतित्यागाची आहे. आधी व्यवसाय सुटावा, मग मालमत्तेवरचे ममत्व, आणि त्याही नंतर घरच्या व्यवहारात संमती व सल्ला देणे. हा क्रम रचणाऱ्यांनी मनुष्यस्वभाव किती नेमका ओळखला होता! दुकानाच्या किल्ल्या मुलाच्या हाती देणे एक वेळ जमते. पण ‘अरे, तो माल त्याच्याकडून घेऊ नकोस’ हे वाक्य जिभेवरून परत फिरवणे जमत नाही. अनेक घरांतील धुसफूस ही प्रेमाच्या अभावातून येत नसून या न सुटलेल्या सल्ल्यातून येते. थोड्या अंतरावर राहिल्याने ती निवळते आणि भेटी गोड होतात, असे होऊ शकते. अंतर म्हणजे दुरावाच, असे मानण्याचे कारण नाही.

निर्णयापूर्वी विचारायचे प्रश्न

अशा वसाहतीत जाण्याचा विचार असेल तर माहितीपत्रकातील चित्रे बाजूला ठेवून काही गोष्टी प्रत्यक्ष पाहाव्यात.

पहिली गोष्ट वास्तूची. महारेराने २०२४ मध्ये ज्येष्ठांसाठीच्या गृहप्रकल्पांना किमान निकष घालून दिले आहेत. एकाहून अधिक मजले असल्यास लिफ्ट हवी; दारे चाकाची खुर्ची जाईल एवढी, म्हणजे किमान ९०० मिलिमीटर रुंद हवीत; जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडे हवेत; न्हाणीघरात धरायला दांडे आणि न घसरणारी फरशी हवी. मोजपट्टी बरोबर न्यावी आणि संकोच न करता मोजावे. वीज गेल्यावर लिफ्ट चालते का, तेही तेथल्या तेथे विचारावे.

दुसरी गोष्ट पैशाची. घर मालकीचे मिळते, की ठेव भरून केवळ राहण्याचा हक्क मिळतो? ठेव कोणत्या परिस्थितीत, किती दिवसांत परत मिळते? मासिक शुल्क दरवर्षी किती वाढू शकते, हे करारात लिहिले आहे का? आपल्या पश्चात घर मुलांकडे आले, पण त्यांचे वय वसाहतीच्या नियमात बसत नसेल, तर त्यांना ते विकताच येईल की भाड्याने देता येईल? करार वकिलाकडून वाचून घ्यावा. याच विषयाला जोडून आणखी एक सूचना. नव्या ठिकाणी जाताना राहते घर उत्साहाच्या भरात मुलांच्या नावे करून टाकू नये. करायचेच असेल तर सांभाळाची अट बक्षीसपत्रात स्पष्ट लिहावी. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यानुसार अशी अट मोडली गेल्यास ते हस्तांतरण रद्द करण्याची मागणी न्यायाधिकरणाकडे करता येते. मुलांवर अविश्वास म्हणून हे करायचे नाही. लेखी असलेल्या गोष्टीवरून पुढे वाद होत नाहीत म्हणून करायचे.

तिसरी गोष्ट स्वयंपाकघराची. ताटात रोज दोनदा जे पडणार आहे, त्यावर मनाचे स्वास्थ्य अवलंबून असते. सामाईक भोजनगृहात कंदमुळे वर्ज्य असलेला स्वयंपाक वेगळा होतो का, सूर्यास्तापूर्वी जेवण मिळते का, सकाळी उकळलेले पाणी मिळते का, हे आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांच्या दृष्टीने किरकोळ प्रश्न नाहीत. ‘होईल सोय’ या उत्तरावर थांबू नये. एक दिवस तेथे पाहुणे म्हणून जेवावे. घरातच छोटी ओट्याची सोय असेल तर उत्तमच.

चौथी गोष्ट उद्याची. चालता येईनासे झाले, स्मृती क्षीण झाली, किंवा दोघांपैकी एक जण गेला, तर वसाहत काय करते? त्याच आवारात शुश्रूषेची व्यवस्था आहे, की ‘आता आपण दुसरीकडे पाहा’ असे सांगितले जाते? सन सिटीला हा धडा उशिरा मिळाला. आपल्याला तो आयता मिळतो आहे.

पाचवी गोष्ट फाटकाची. नातवंडे किती दिवस राहू शकतात? जवळच्या शाळेतली मुले, गावातली माणसे आवारात येतात का, आणि तेथील रहिवासी बाहेर जाऊन काही करतात का? ज्या वसाहतीत निवृत्त गणित-शिक्षक बाजूच्या वस्तीतल्या मुलांना शिकवतो, निवृत्त परिचारिका आठवड्यातून एकदा रक्तदाब तपासून देते, तेथील वातावरण पहिल्या अर्ध्या तासात कळते. ज्या वसाहतीत सर्व काही आयते मिळते आणि कोणाला काहीच करावे लागत नाही, तेथील शांतताही लगेच जाणवते. पण ती निराळी असते.

शक्य असल्यास पंधरा दिवस तेथे राहून पाहावे. काही ठिकाणी तशी सोय असते. पहिल्या चार दिवसांत सगळेच आवडते. दहाव्या दिवशी खरे काय ते कळते.

एक दिवाळी, एक बैठक

सर्वांनाच अशा वसाहतीत जाणे परवडणारे नाही आणि सर्वांनी जावे असेही नाही. ज्यांच्या घरी तीन पिढ्या समाधानाने नांदतात त्यांनी ते सुख जपावे. ज्यांना आपल्या गावातली आळी, तेथला दूधवाला आणि ओळखीचा डॉक्टर सोडवत नाही, त्यांनी तेथेच राहून घरात दोन दांडे बसवून घ्यावेत आणि ज्येष्ठ नागरिक संघाची वर्गणी भरावी. मात्र कोणताही मार्ग निवडायचा, तर हातीपायी धड असताना आणि सर्वांच्या समक्ष निवडावा. येत्या दिवाळीत मुले-सुना, लेकी-जावई जमतील. फराळ झाल्यावर, नातवंडे अंगणात असताना, वडिलांनी आपणहून विषय काढावा : ‘पुढच्या दहा वर्षांचे काय करायचे ते आज बोलू.’ मुलांना हे बोलणे सुरू करता येत नाही; ते वडीलधाऱ्यांनीच सुरू करावे लागते. त्यात मुलांवरचा राग नसावा आणि मुलांकडून उपकाराची अपेक्षाही नसावी.

आणि जाण्याचे ठरलेच, तर सामानाची यादी करताना कपडे, औषधे, चष्मे यांच्याबरोबर आणखी एक ओळ लिहावी : ‘तेथे गेल्यावर मी कोणाला काय शिकवणार, कोणाच्या काय उपयोगी पडणार?’ कोणाला हिशेब येतो, कोणाला पापड लाटता येतात, कोणाला संस्कृत येते, कोणाला नुसते शांतपणे दुसऱ्याचे ऐकून घेता येते. सन सिटीतले लोक खेळायला म्हणून गेले आणि हातात खराटा घेतल्यावर त्या गावाचे झाले. ती ओळ भरता आली, की मग घर कोठे आहे हा प्रश्न बराच सोपा होतो.